सर्व हक्क कोणाच्या स्वाधीन

पुस्तक हातात आलं की वाचक मुखपृष्ठ बघतो, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो आणि थेट पहिल्या प्रकरणाकडे वळतो. शीर्षकाच्या पानामागचं पान तसंच उलटलं जातं. त्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, मुद्रकाचं नाव असतं, आवृत्तीची तारीख आणि किंमत असते. अगदी तळाशी, बारीक टायपात, ‘सर्व हक्क’ या शब्दांनी सुरू होणारी एक ओळ असते. माझं सगळं काम त्या ओळीभोवती फिरतं.

दादरच्या एका वाचनसंस्थेने आपल्या संग्रहातली जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं, मंडळांच्या स्मरणिका आणि पत्रकं स्कॅन करून इंटरनेटवर खुली करायला घेतली, तेव्हा मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करत होते. छापखान्याचे दिवस भरत आल्याचं आम्हा सगळ्यांना दिसत होतं. संस्थेला जुना टाइप वाचू शकणारं, आवृत्त्यांमधला फरक ओळखणारं माणूस हवं होतं, म्हणून मी तिकडे गेले. सुरुवातीला पुस्तकांच्या नोंदी करायच्या, पानांचा क्रम तपासायचा, एवढंच काम होतं. मग पत्रं येऊ लागली. “हे पुस्तक माझ्या आजोबांचं आहे, तुम्ही ते कोणाला विचारून टाकलंत?” कॉपीराइटच्या तक्रारी बघायला दुसरं कोणी नव्हतं, आणि ते शीर्षकामागचं पान मला वाचता येत होतं. तक्रारींची फाइल माझ्याकडे आली ती कायमची.

आमच्याकडे दोन प्रकारचं साहित्य आहे. काही पुस्तकं संस्थेने स्वतः स्कॅन केलेली, तर काही वाचकांनी आपल्या घरच्या प्रती स्कॅन करून पाठवलेली. कायद्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे आणि त्याविषयी पुढे लिहिते. पण तक्रार कोणत्याही प्रकाराबद्दल असो, एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसत आली आहे. मराठी पुस्तकांचे हक्क कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद फारशी कुठे ठेवलेलीच नाही. शब्दावर व्यवहार झाले, नात्यात झाले, भिडेपोटी झाले. पुढे प्रकाशनसंस्था बंद पडल्या, चाळी पाडल्या गेल्या, ट्रंका गावी गेल्या. एखादी तक्रार येते तेव्हा त्या पुस्तकाच्या मालकीबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी लेखी काहीतरी सांगत असतं. म्हणून तक्रार आली की मी ती हक्काची नोंद समजून वाचते.

मुदतीचा हिशेब वरवर सोपा आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो की लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांची ५० वर्षं १९९१अखेर संपत आली तेव्हा सरकारने वटहुकूम काढला, १९९२मध्ये कायदा दुरुस्त केला आणि सगळ्याच लेखकांना १० वर्षं वाढवून मिळाली. साने गुरुजींचं निधन ११ जून १९५०चं. जुनी मुदत राहिली असती तर ‘श्यामची आई’ २००१ साली खुली झाली असती, ती झाली २०११ साली. आज दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत वेगवेगळ्या प्रकाशकांच्या ‘श्यामची आई’ शेजारी शेजारी दिसतात, त्या या हिशेबामुळे.

खरी गंमत त्यापुढे आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या मजकुराची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे तिथे एक वर्ष पुढे सरकतं. ज्ञानेश्वरीची ओवी सर्वांची आहे. पण सोनोपंत दांडेकर १९६८ साली गेले, म्हणून त्यांनी ओवीखाली दिलेल्या अर्थावरचा हक्क २०२८अखेरपर्यंत जिवंत आहे. एखाद्या पुस्तकातला मजकूर खुला झालेला असतो आणि मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं असतं. दलाल गेले १९७१ साली. मग मजकुराची पानं ठेवायची आणि मुखपृष्ठ २०३१ सरेपर्यंत झाकायचं. आपलं आवडतं मुखपृष्ठ तिथे का नाही, असं वाचक विचारतात तेव्हा हे सगळं समजावून सांगावं लागतं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची पिवळी पडलेली पुस्तकं तर अनेकजण प्रेमाने स्कॅन करून पाठवतात. ‘आता कुठे मिळतच नाहीत, म्हणजे खुलीच की’ अशी त्यांची समजूत असते. अर्नाळकर हे टोपणनाव. त्यामागचे चंद्रकांत सखाराम चव्हाण १९९६ साली गेले. लेखकाची ओळख जाहीर असली की टोपणनावाने लिहिलेल्या मजकुरालाही हयात अधिक ६० हाच हिशेब लागतो, आणि तो इथे २०५६पर्यंत जातो. बाजारात मिळत नाही म्हणून पुस्तक बेवारस ठरत नाही.

नामवंतांच्या तारखा सहज सापडतात. अडचण येते ती ज्यांनी एक कादंबरी, दोन नाटकं लिहिली आणि पुढे नोकरीत निवृत्त झाले त्यांची. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत १८००पासून १९५०पर्यंतच्या पुस्तकांचा माग लागतो, तिच्याशिवाय माझा दिवस जात नाही. एका माणसाने उभं केलेलं ते काम किती अफाट आहे हे रोज नव्याने जाणवतं. पण सूचीत पुस्तक असतं, लेखक कधी गेला ते तिला माहीत असण्याचं कारण नाही. मग जुन्या वर्तमानपत्रांतल्या श्रद्धांजलीच्या चौकटी, शाळांचे अमृतमहोत्सवी अंक, ज्ञातिसंस्थांच्या वार्षिकांतली निधनवार्ता असा शोध सुरू होतो. एखाद्याची तारीख मिळालीच नाही तर ते पुस्तक आम्ही खुलं करत नाही. सहकाऱ्यांना माझा हा हट्ट वाटतो. मला तो साधा सभ्यपणा वाटतो.

आता तक्रारींच्या रूपाबद्दल. निम्म्याअधिक तक्रारी इंग्रजीत येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याचा नमुना उतरवून पाठवलेल्या असतात. परळच्या चाळीत वाढलेला, आता अंबरनाथला राहणारा नातू अमेरिकी कायद्याखाली शपथ घेत असतो, कारण नेटवर शोधल्यावर त्याला तोच नमुना मिळालेला असतो. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली तरतूद आणि २०१३च्या नियमांतला ७५वा नियम वेगळंच सांगतो. कृती कोणती, हक्क तुमचा कसा, मजकूर नेमका कुठे आहे, तो अपवादात का बसत नाही, हे लेखी द्यायचं. शिवाय २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू अशी हमी द्यायची. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मजकूर उतरवायचा, आणि २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो परत लावता येतो.

हा नियम दुसऱ्यांचा मजकूर ज्यांच्याकडून केवळ वाहून नेला जातो किंवा तात्पुरता साठवला जातो त्यांच्यासाठी आहे. आम्ही स्वतः स्कॅन करून लावलेल्या पुस्तकाला त्याचा आडोसा नाही. तिथे प्रकाशक आम्हीच. वाचकांनी पाठवलेल्या पुस्तकांबाबत कोणी त्या हमीवर बोट ठेवू शकेल, पण मी ती कोणाकडे मागत नाही. निवृत्त शिक्षिकेने आपल्या वडिलांच्या कवितासंग्रहासाठी २१ दिवसांत न्यायालयात जावं, अशी अट घातली तर ती तक्रारच करणार नाही. हक्क तिचाच असेल आणि ती गप्प बसेल. आमची पद्धत साधी आहे. तक्रार आली की त्याच दिवशी पोच द्यायची, पुस्तक उतरवायचं आणि मग चौकशी सुरू करायची. तक्रारीचा नमुना चुकीचा आहे, भाषा रागाची आहे, कलम भलतंच लिहिलं आहे, या कारणांवरून कोणालाही परत पाठवायचं नाही. फोन नंबर दिला असेल तर मी फोन करते. समोरच्याने पत्रात कितीही कडक लिहिलेलं असलं तरी मराठीत बोलणं सुरू झालं की पहिलं वाक्य बहुधा एकच असतं: “निदान विचारायचं तरी होतं.”

एका नाटकाचं प्रकरण मी या कामाचा धडा म्हणून नव्या मुलांना सांगते. लेखक लालबागचे, गिरणीतले कामगार. कामगार रंगभूमीसाठी लिहिलेलं हे तीन अंकी नाटक स्पर्धेत गाजलं, परळच्या दामोदर नाट्यगृहात त्याचे प्रयोग झाले आणि पुढे ते छापलं गेलं. वाचकाने पाठवलेली प्रत आमच्याकडे खुली होती. लेखकाच्या मुलीची तक्रार आली, आम्ही पुस्तक उतरवलं. थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार आली, बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेच्या मालकांच्या पुतण्याची. हक्क आमचे, मुलीचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

संग्रहात त्या नाटकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत, मराठी नाटकांच्या पुस्तकांत हमखास असतो तसा, मजकूर होता: नाटकाच्या प्रयोगाचे, भाषांतराचे, चित्रपटाचे सर्व हक्क लेखकाच्या पत्नीच्या स्वाधीन, प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. हक्क बायकोच्या नावावर करण्याची ही रीत मराठी लेखकांत किती खोलवर होती हे शेकडो पुस्तकं पाहिल्यावर कळतं. घर भाड्याचं, जमीन भावाच्या नावावर. लिहिणाऱ्याकडे बायकोच्या नावावर करण्याजोगं पुस्तकच असायचं. दुसऱ्या आवृत्तीत मात्र ओळ बदललेली: सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन.

मुलीने मला घरी बोलावलं. इमारत पुनर्विकासाला गेलेली, त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. पण वडिलांची ट्रंक बरोबर होती. त्यात प्रकाशकाच्या सहीची एक पावती होती, मानधन ‘पहिल्या आवृत्तीपुरते’ दिल्याची. आणि त्याहून मोलाची वस्तू म्हणजे दोऱ्यात ओवून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं. राजापूर, लांजा, देवगड, कुडाळ, कुठकुठली गावं. गणपतीत, शिमग्यात, देवळाच्या जत्रेत गावकऱ्यांनी आणि मुंबईहून गेलेल्या चाकरमान्यांनी नाटक बसवलं की ते परवानगीचे पैसे पाठवत, आणि कुपनावरच्या चिमुकल्या जागेत प्रयोगाची तारीख आणि मंडळाचं नाव लिहीत. लेखक गेल्यावरही आईच्या नावाने ती येत राहिली होती. हक्क कोण बजावत होतं याचा इतका बोलका पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

पुतणे भेटायला आले ते पावतीची नक्कल पाहून विचारात पडले. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि हक्कदाराच्या सहीने करावे लागतात, असं कायद्याचं १९वं कलम म्हणतं. त्यांच्याकडे असा कागद नव्हता. मग दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ आली कुठून? मला छापखान्याची सवय असल्याने शंका आली. त्यांच्या काकांची त्याच वर्षीची आणखी पुस्तकं काढून शेजारी ठेवली. पत्ता, मुद्रकाचं नाव, हक्कांची ओळ, सगळं अक्षर न् अक्षर सारखं. ‘स्वाधीन’मधला एक तुटका खिळादेखील तोच. जुळारी मागच्या पुस्तकाचं जुळवलेलं पान मोडत नसत. पुस्तकाचं नाव आणि किंमत बदलून तेच पान पुढच्या पुस्तकाला लावत. प्रकाशकाने काही हिरावून घेतलं नव्हतं. ओळ टाइपातून सरकत आली होती. पुतण्यांनी ती पानं भिंगाखाली पाहिली आणि तिथेच, माझ्या टेबलावर, आपली तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. वर काकांच्या हिशेबाच्या वह्या संस्थेला देऊ केल्या.

मला वाटलं होतं की आता मुलगी परवानगी देतील आणि नाटक पुन्हा खुलं होईल. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “नाही ताई. पुस्तक नेटवर आल्यापासून पत्रं यायची बंद झाली. पैशांचं सोडा. कुठल्या गावात प्रयोग झाला ते तरी कळायचं. आई कुपन वाचून दाखवायची, वडिलांच्या फोटोपुढे ठेवायची.” एखादा प्रकाशक मिळाला तर नवी आवृत्ती काढायचा त्यांचा विचार होता आणि परवानगीची ओळ त्यांना आपल्या नावाने हवी होती. ते नाटक आमच्याकडे आजही खुलं नाही. आमच्या बैठकीत यावर नाराजी व्यक्त झाली. इतकं चांगलं नाटक, कोणाच्या नजरेस पडणार नाही. मला ती नाराजी समजते. पण हक्क असण्याचा अर्थ नाही म्हणता येणं हाही आहे, आणि गिरणी कामगाराच्या मुलीकडे नाही म्हणायला याखेरीज दुसरं फारसं काही उरलेलं नव्हतं.

सगळ्याच तक्रारी अशा नसतात. मुदत संपलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढणारे काहीजण मूळ मजकुरावरच हक्क सांगतात. ‘आम्ही नव्याने टाइप केलं आहे’ असं त्यांचं म्हणणं असतं. ब्रिटनमध्ये छापील पानाच्या मांडणीला वेगळा, २५ वर्षांचा हक्क आहे. आपल्या कायद्यात तसा हक्क नाही. नवी प्रस्तावना, टिपा, चित्रं यांवर त्यांचा हक्क खराच, आणि ते आम्ही घेतही नाही. संपादनाचा हक्क कुठून सुरू होतो याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात चांगली दिशा दिली आहे. तो खटला न्यायालयाच्या निकालपत्रांच्या संपादित प्रतींविषयी होता. निव्वळ मेहनत पुरेशी नाही, त्यात संपादकाचं कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. जुन्या गाथा, बखरी, पोथ्या यांबाबत मला हा निकाल फार उपयोगी पडतो. खोट्या दाव्याने कोणी धमकावत असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही ६०व्या कलमात आहे. मी तिचा उल्लेख पत्रात क्वचित करते. बहुतेक वेळा लेखकाची मृत्यूची तारीख आणि पहिल्या आवृत्तीच्या पानाचा फोटो पाठवला की विषय मिटतो.

पुस्तक उतरवल्यावर वाचक चिडतात, विशेषतः प्रबंध लिहिणारे विद्यार्थी. तुम्ही ज्ञान कोंडून ठेवता, असं एका मुलीने मला लिहिलं होतं. तिचा राग खोटा नव्हता. कोल्हापूरहून, लातूरहून दादरला येऊन पुस्तक वाचणं सगळ्यांना परवडत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायची मुभा कायदा देतो. ती जगासमोर खुली करायची मुभा देत नाही. म्हणून उतरवलेल्या पुस्तकाचं स्कॅन आम्ही पुसत नाही, फक्त दार बंद करतो. पुस्तकाची नोंद, अनुक्रमणिका आणि हक्कदाराशी संपर्क कसा करायचा हे मात्र तिथे राहतं. त्या मुलीला मी हक्कदारांचा निरोप मिळवून दिला आणि त्यांनी तिला हव्या त्या प्रकरणाची नक्कल आनंदाने दिली. विचारलं तर माणसं देतात, हा माझा अनुभव आहे. मोठ्या प्रमाणावर न विचारता स्कॅन झालं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन झाली, आणि पुढे कॉपीराइटच्या कारणाने ते संकेतस्थळ बंद झालं. खुली असायला हरकत नव्हती अशी पुस्तकंही त्याबरोबर दिसेनाशी झाली.

सगळ्यात जास्त जीव अडकतो तो लालबाग-परळच्या पत्रकांत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली पत्रकं आमच्याकडे आहेत, आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपातलीही. त्यांवर लेखकाचं नाव नसतं. निनावी मजकुराची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणून १९६०पर्यंतची पत्रकं आता सर्वांची आहेत. संपातली मात्र २०४२अखेरपर्यंत नाहीत. ती लिहिणारी माणसं कदाचित आजही भारतमाता सिनेमासमोरून रोज जात असतील, पण कोणती ओळ कोणाची हे त्यांनाही आठवणार नाही. अशा बेवारस कृतींसाठी कायद्यात ३१अ कलम आहे. परवाना मागता येतो. पण त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. गिरणीच्या दारात वाटलेल्या मराठी पत्रकाचा लेखक शोधायला इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात! आणि अर्ज कोणाकडे करायचा हेही बदलत राहिलं: आधी कॉपीराइट मंडळ, मग बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ, आणि २०२१मध्ये तेही बरखास्त झाल्यावर न्यायालय. एका पानाच्या पत्रकासाठी आमच्यासारख्या संस्थेला हे झेपत नाही. हे कलम मराठी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर आणि माफक शुल्कावर चालेल असं करायला हवं. संधी मिळेल तिथे मी हे बोलते.

अलीकडे आम्ही तक्रारीची वाट न पाहता आधी शोधायला लागलो आहोत. हक्कदारांसाठी एक पानाचा मराठी कागद तयार केला आहे. पुस्तक खुलं ठेवा, केवळ संस्थेत वाचायला ठेवा, किंवा काढून टाका, यांपैकी एकावर खूण करायची; हक्क आपल्याकडे कसा आला ते दोन ओळींत लिहायचं; आणि आपल्यानंतर कोणाला विचारायचं त्याचं नाव द्यायचं. शेवटचा रकाना भरताना बरीच वयस्कर माणसं थांबतात, मुलांना फोन लावतात. काही घरांत त्या फोनवरच पहिल्यांदा आजोबांच्या पुस्तकाचा विषय निघतो.

सध्या माझ्यासमोर एका छायाचित्रकाराच्या मुलाचं प्रकरण आहे. लालबागमधल्या गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका आम्ही लावल्या होत्या. त्यांत आपल्या वडिलांनी काढलेले फोटो नावाशिवाय छापले आहेत, अशी त्यांची तक्रार आली. निगेटिव्ह २६ जुलै २००५च्या पुरात गेल्या, त्यामुळे हे छापील फोटोच काय ते उरले आहेत. फोटोंचा कायदाही मधेच बदलला. २०१२पर्यंत फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजत, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. शिवाय पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, म्हणजे इथे मंडळ. प्रत्येक फोटोबद्दल विचारावं लागणार होतं की हा मंडळाने सांगून काढला, की विसर्जनाच्या गर्दीत वडिलांनी स्वतःच्या हौशीने टिपला.

तो मुलगा, म्हणजे आता साठीचे गृहस्थ, संस्थेत येऊन स्मरणिका पान न् पान बघत बसतात. मंडळाने काढून घेतलेल्या फोटोंवर त्यांनी हक्क सांगितला नाही, तिथे वडिलांचं नाव घाला एवढंच म्हणाले. आम्ही ते घातलं. हौशीने काढलेले वेगळे केले आणि ते खुले ठेवायची खूण केली. मग काही फोटोंपाशी थांबून त्यांनी ते यादीतून खोडले. हे बाबांचे नाहीत, म्हणाले. बाबांबरोबर त्यांचे एक मित्र दुसरा कॅमेरा घेऊन फिरायचे, पगारी नव्हते, गच्चीवर चढून वरून काढायचे. हे वरून काढलेले सगळे त्यांचे. मित्र हयात आहेत, परळला मुलीकडे असतात. पत्ता त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिला आहे, आणि दुपारी झोपतात तेव्हा संध्याकाळी पाचनंतर या, असंही बजावलं आहे. स्मरणिका बरोबर घेऊन पुढच्या आठवड्यात मी तिकडे जाणार आहे.